न केलेल्या खरेदीचा व्यापार

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच त्याच्या खिशाचा आणि मनाचा अंदाज बांधणे ही दुकानदारीतली जुनी विद्या आहे. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला मुरलेला विक्रेता समोरची मंडळी बस्ता बांधायला आली आहेत की नुसती पावसाचा आडोसा म्हणून आत शिरली आहेत, हे दोन वाक्यांत ओळखतो. गिऱ्हाईकही काही कमी नसते. मनात भरलेली साडी बाजूला सारून आधी चार नावडत्या साड्यांच्या घड्या मोडायला लावायच्या, उठून निघाल्यासारखे करायचे आणि जाता जाता 'ही केवढ्याला म्हणालात?' असे सहज विचारायचे, हा खेळ आपल्या आई-आज्या आयुष्यभर खेळल्या. आपल्याला काय हवे आहे आणि किती निकडीने हवे आहे हे समोरच्याला कळले, की भाव त्याच्या हातात जातो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. बाजार त्याच्या पुढचे जाणतो: गरजवंत आधी ओळखता आला पाहिजे.

हे आठवायचे कारण असे, की गेल्या दहा-बारा वर्षांत जगात एक धंदा उभा राहिला आहे आणि गिऱ्हाइकाची ही निकड हाच त्याचा माल आहे. इंग्रजीतून त्याला 'बायर इंटेंट डेटा' म्हणतात; आपण खरेदीच्या इराद्याची माहिती म्हणू. खरेदी झाल्यानंतरची नव्हे, दुकानात शिरल्यानंतरचीही नव्हे, तर 'घ्यावे का?' एवढाच विचार मनात घोळत असतानाची माहिती. युरोप-अमेरिकेतल्या खासगीपणाच्या कायद्यांनी २०१८ पासून या धंद्याला निरनिराळ्या बाजूंनी धरायला सुरुवात केली. आपल्याकडचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याची मुख्य कलमे लागू होण्यासाठी मे २०२७ हा मुहूर्त नेमून दिला गेला. या कायद्यांनी हाती नेमके काय लागले, आणि आपल्या कायद्याने काय लागेल, हा आजचा विषय आहे.

आधी हा माल तयार कसा होतो ते पाहू. समजा, शिकागोतल्या एखाद्या मोठ्या इस्पितळाला पगारपत्रकांचे सॉफ्टवेअर बदलायचे आहे. अजून निविदा निघालेली नाही, कोणत्याही विक्रेत्याला फोन गेलेला नाही. पण हिशेब खात्यातली दोन माणसे, नोकरभरती पाहणारी एक बाई आणि संगणक विभागातला एक तरुण असे चौघे आपापल्या टेबलावर बसून त्या विषयावरचे लेख वाचू लागतात. कोणी दोन सॉफ्टवेअरची तुलना वाचतो, कोणी किमतीचे पान उघडतो, कोणी एखादी माहितीपुस्तिका उतरवून घेतो. हे चौघे एकमेकांशी त्याबद्दल बोललेही नसतील. परंतु ते ज्या व्यावसायिक वेबसाइट वाचत असतात, त्यांनी आपल्या वाचकांच्या हालचालींची नोंद एका मध्यस्थाकडे पाठवण्याचा करार केलेला असतो. वाचकाच्या संगणकात ठेवलेली 'कुकी' नावाची खूणचिठ्ठी आणि ज्या जोडणीवरून तो आला तिचा आयपी पत्ता यांवरून मध्यस्थाला कळते, की ही चारही वाचने एकाच इस्पितळातून झाली. त्या इस्पितळातून एरवी या विषयावर किती वाचले जाते, याची सरासरी त्याच्याकडे असतेच. वाचन सरासरीच्या वर गेले, की त्या नावापुढे खूण पडते आणि ते नाव पगारपत्रकांची सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना विकले जाते. न्यूयॉर्कची बॉम्बोरा ही या धंद्यातली नामांकित कंपनी. हजारो वेबसाइटची तिने जणू सहकारी संस्थाच केली आहे. आपल्याकडच्या दूध संघासारखी रचना म्हणायची. सभासद वेबसाइट, आणि दूध वाचकांचे.

संस्थेचे नाव कळले, पण पुढे काय? संस्था फोन उचलत नाही, माणूस उचलतो. म्हणून या धंद्याला चिकटूनच दुसरा धंदा आहे. कोणत्या कंपनीत कोण कोणत्या हुद्द्यावर आहे, त्याचा ई-मेल काय, मोबाइल क्रमांक काय, याच्या कोट्यवधी नोंदी बाळगायच्या आणि भाड्याने द्यायच्या. अमेरिकेतली झूमइन्फो ही त्यातली बडी पेढी. इराद्याची यादी आणि माणसांची यादी एकमेकींवर ठेवली, की विक्रेत्याला सांगता येते: अमुक इस्पितळात अमुक गोष्ट शिजते आहे, तमक्या बाईंना अमुक क्रमांकावर फोन करा.

तो फोन पुष्कळदा पुण्यातून जातो. खराडी, विमाननगर, बाणेर या भागांत परदेशी कंपन्यांसाठी गिऱ्हाइके हेरून देणाऱ्या कितीतरी लहानमोठ्या कंपन्या आहेत आणि सोलापूर, लातूर, जळगावकडून आलेली शेकडो मुले-मुली तिथे अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळी करतात. माझ्या एका परिचितांचा मुलगा अशाच कंपनीत आहे. त्याला मी विचारले, बाबा रे, तू रात्रभर करतोस तरी काय? तो म्हणाला, "काका, चार प्रश्नांची उत्तरं काढायची असतात. पैसे मंजूर झालेत का, निर्णय कोण घेतो, गरज कसली आहे आणि कधीपर्यंत घेणार. समोरच्याला वाटतं आपण सहज फोन केलाय. पण त्यांच्याकडे काहीतरी चाललंय हे आम्हाला स्क्रीनवर आधीच दिसत असतं." आणि समोरच्याने विचारले, की माझा नंबर कुठून मिळाला, तर? त्यावर तो हसला. "त्याचं उत्तर लिहून दिलेलं असतं. ते लवकर संपवून पुढे जायचं." अमेरिकेची यादी असली तर फारसे कोणी विचारत नाही, जर्मनीची म्हटली की टीमलीडर दहादा बजावतात, असेही त्याने सांगितले. त्या एका वाक्यात कायद्यांचा सगळा भूगोल आला.

युरोपीय संघाचा माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला. त्या वेळी इराद्याचा व्यापार करणाऱ्यांचा पहिला बचाव मोठा साळसूद होता. कायदा माणसांच्या माहितीला संरक्षण देतो, कंपन्यांच्या नव्हे. आम्ही तर फक्त कंपन्यांबद्दल सांगतो. इस्पितळाच्या वाचनाची बातमी देतो, इस्पितळातल्या बाईंच्या वाचनाची नव्हे. कायद्याच्या अक्षराला धरून हे खरे होते आणि काही प्रमाणात अजूनही आहे. पण इस्पितळाला डोळे नसतात. वाचणारी माणसेच असतात, आणि त्यांचे वाचन आधी एकेकाचे म्हणूनच गोळा करावे लागते. मग त्याची बेरीज होते. बदलता आयपी पत्तासुद्धा काही परिस्थितीत व्यक्तीची माहिती ठरतो, असे युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्येच ब्रेयर खटल्यात म्हटले होते. कंपनीच्या ई-मेलमध्ये माणसाचे नाव-आडनाव असले तर तो पत्ताही त्या माणसाची माहिती. शिवाय एकट्या मालकाच्या धंद्याचे काय? इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचा विचार करा. तो माग विकण्याविषयी वाचू लागला, तर तो 'कंपनीचा' इरादा म्हणायचा की त्याच्या घरातली अडचण?

व्यापाऱ्यांचा दुसरा बचाव 'वाजवी हितसंबंधां'चा. युरोपच्या कायद्यात संमतीशिवाय माहिती वापरण्याची जी काही दारे आहेत, त्यांत हे एक आहे. धंद्याचे वाजवी हित आणि माणसाचे हक्क तराजूत घालून पाहायचे, असा नियम. मात्र तराजू धरायचा तो आधी व्यापाऱ्यानेच. असा तराजू कोणाच्या बाजूला झुकतो हे सांगायला नको.

या दोन्ही बचावांपुढे कायद्याचे एक कलम मात्र घट्ट उभे राहिले, आणि त्याची चर्चा संमतीइतकी होत नाही. कलम १४. त्याचा आशय साधा आहे: एखाद्याची माहिती तुम्ही त्याच्याकडून न घेता दुसरीकडून मिळवली असेल, तर त्याला ते कळवा. कोणती माहिती, कुठून मिळाली, कशासाठी ठेवली आहे, आणि नको असेल तर काय करायचे. एवढेच.

हे कलम किती चावते याचा दाखला पोलंडमध्ये मिळाला. बिस्नोड ही कंपनी सरकारी नोंदवह्यांसारख्या खुल्या जागांवरून व्यापारी-उद्योजकांची माहिती गोळा करून विकत असे. साठ लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी तिच्याकडे होत्या. कलम १४ आल्यावर ज्यांचे ई-मेल पत्ते हाती होते अशा सुमारे नव्वद हजार जणांना तिने कळवले. बाकीच्यांना टपालाने कळवायचे तर खर्च फार, म्हणून आपल्या वेबसाइटवर एक सूचना लावून ती मोकळी झाली. मार्च २०१९ मध्ये पोलंडच्या माहिती संरक्षण कार्यालयाने तिला सुमारे ९ लाख ४३ हजार झ्लॉटींचा, म्हणजे जवळजवळ २ लाख २० हजार युरोंचा दंड ठोठावला. दंडाची रक्कम पुढे कोर्टकचेरीत अडकली, ते असो. माझे लक्ष वेधले ते त्या निकालातल्या दुसऱ्याच आकड्याने. ज्या नव्वद हजारांना कळवले गेले, त्यांपैकी बारा हजारांहून अधिक जणांनी 'आमची माहिती वापरू नका' असे उलट कळवले. दर सात-आठ जणांमागे एक. नुसते सांगितल्यावर! त्यांना कोणी चिथावले नव्हते, वर्तमानपत्रात मोहीम नव्हती. ज्यांना सांगितलेच नाही, ते लाखो लोक गप्प होते. आणि ती त्यांची संमती आहे असे समजून धंदा चालला होता.

इथे मला या साऱ्या प्रकरणाची नाडी सापडते असे वाटते. हा व्यापार माणसाच्या होकारावर उभा नाही आणि नकारावरही नाही. तो उभा आहे माणसाला पत्ता नसण्यावर. म्हणून संमती मागण्याची सक्ती त्याला पचवता आली. सांगण्याची सक्ती पचवणे जड जाते.

संमतीचे काय झाले ते आपण रोज पाहतो. कोणतीही वेबसाइट उघडा, आडवी पाटी येते: आम्ही कुकी वापरतो, मान्य आहे ना? आपल्याला क्रिकेटचा स्कोअर पाहायचा असतो किंवा उकडीच्या मोदकांचे प्रमाण. आपण 'मान्य' दाबतो. सत्यनारायणाच्या पूजेला बसलेला यजमान गुरुजी सांगतील तिथे 'मम' म्हणतो, तसे हे झाले आहे. युरोपात जाहिरात व्यवसायाच्या संघटनेने, आयएबी युरोपने, या होकार-नकारांची नोंद ठेवण्याची एक सामाईक पद्धतच बसवली. बेल्जियमच्या नियामकाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती कायद्यात बसत नाही म्हणून अडीच लाख युरो दंड केला. होकाराची ती सांकेतिक नोंद हीसुद्धा व्यक्तीची माहितीच आहे, असे युरोपीय न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितले. पाट्या मात्र अजून तिथेच आहेत.

त्या पाटीमागे जे चालते ते सामान्य वाचकाच्या कल्पनेपलीकडचे आहे. पान उघडता उघडता त्यावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. डोळ्याचे पाते लवायच्या आत शेकडो बोली लावणाऱ्यांकडे निरोप जातो, की अमुक प्रकारचा फोन, अमुक ठिकाण, अमुक पान वाचणारा माणूस आला आहे. काय भाव देता? जागा एकालाच मिळते, निरोप मात्र सगळ्यांना मिळतो. मग काही हुशार मंडळींनी लिलावात बसून बोली जिंकण्यापेक्षा निरोप साठवणेच पत्करले. आपल्या बाजार समित्यांत एकेकाळी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायची 'हत्ता' पद्धत होती. ती शेतकऱ्याला नाडते म्हणून उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, आणि ते योग्यच झाले. इथे लिलाव इतका उघड, की जो विकत घ्यायला आलेलाच नाही तोही सगळे टिपून घेतो, आणि ज्याच्यावर लिलाव चालला आहे त्याला फक्त पान उघडल्याचे दिसते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२४ मध्ये मोबाइलवाला या कंपनीविरुद्ध कारवाई जाहीर केली. नाव वाचून हिंदी सिनेमा आठवतो, पण कंपनी अटलांटाची. लिलावांतले निरोप लिलावाबाहेरच्या कामासाठी साठवणे हाच अन्याय्य व्यवहार, अशी भूमिका त्या कमिशनने तिथे प्रथमच घेतली. जानेवारी २०१८ ते जून २०२० या काळात पन्नास कोटींहून अधिक फोनच्या जाहिरात-खुणा या कंपनीने गोळा केल्या, असा कमिशनचा आरोप होता.

फ्रान्सचे प्रकरण तर आपल्या पुण्याच्या मुलाच्या टेबलाला थेट भिडणारे आहे. कास्पर नावाची कंपनी लिंक्डइनवर कोणाचे पान उघडले की त्या माणसाचा फोन आणि ई-मेल पुरवीत असे. सुमारे सोळा कोटी माणसांची माहिती तिच्याकडे होती. त्यांत असेही लोक होते, की ज्यांनी आपले तपशील फक्त ओळखीच्यांना दिसावेत अशी सोय मुद्दाम करून ठेवली होती. दाराला कडी लावली, तरी खिडकीतून हात घातला. डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने तिला २ लाख ४० हजार युरो दंड केला. निकालात एक गोष्ट अशी आहे: धंदा सुरू केल्यावर चार वर्षे या कंपनीने लोकांना कळवलेच नाही, आणि २०२२ मध्ये कळवले तेही फक्त इंग्रजीतून. कळवल्याचा कागद झाला, कळले कोणाला हा प्रश्न वेगळा. विमा कंपनीचे बारीक अक्षरांतले इंग्रजी कागद ज्यांच्या घरी येतात, त्यांना हे समजावून सांगायला नको.

या दंडांच्या रकमा पाहून कोणी म्हणेल, एवढ्याने काय होते? दंडाने फार होत नाही हे खरे. धंद्याची जमीन मात्र हलली. मार्च २०१८ मध्ये, केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणाच्या गदारोळात, फेसबुकने बाहेरच्या माहिती-दलालांच्या याद्या आपल्या जाहिरातदारांना वापरू देणे थांबवत असल्याचे जाहीर केले. ओरॅकलसारख्या बलाढ्य कंपनीने २०१४ मध्ये ब्लूकाय ही कंपनी घेऊन 'गाडी घेण्याच्या विचारात असलेली माणसे', 'सहलीच्या विचारात असलेली माणसे' अशा याद्यांचा मोठा व्यापार मांडला होता. २०२४ मध्ये तिने तो पुरता गुंडाळला. त्याच वर्षी माहिती गोळा करण्यावरून झालेल्या एका सामूहिक दाव्यात साडेअकरा कोटी डॉलर देऊन तडजोडही केली. अ‍ॅपलने २०२० मध्ये आपल्या सफारी ब्राउझरमध्ये बाहेरच्यांच्या कुकी सरसकट अडवल्या आणि २०२१ मध्ये आयफोनवर पाठलागाची परवानगी विचारणे सक्तीचे केले.

मग हा माल बाजारातून गेला का? मुळीच नाही. तो मोठ्या घरांत जाऊन बसला. ज्याच्या अंगणात लोक येऊन शोधतात, वाचतात, गप्पा मारतात, त्याला बाहेरच्या दलालाची गरजच नाही. गूगलला आपल्या शोधाच्या रकान्यात लोक रोज आपले इरादे स्वतःच्या हाताने लिहून देतात. याच गूगलने जानेवारी २०२० मध्ये बाहेरच्यांच्या कुकी दोन वर्षांत बंद करू असे सांगितले, तेव्हा ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला उलटीच काळजी पडली: खासगीपणाच्या नावाखाली हा सगळा बाजार एकट्याच्या घशात जायचा! २०२२ मध्ये त्याने गूगलकडून हमी लिहून घेतली. शेवटी २०२४-२५ मध्ये गूगलने कुकी बंद करण्याचा बेतच सोडला. बड्यांना कायदा लागत नाही असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने लिंक्डइनला ३१ कोटी युरो दंड केला, तोही सभासदांच्या वागण्याचा माग काढून जाहिराती दाखवल्याबद्दल. पण एवढा दंड सोसून उभा राहतो तो बडाच. लहान दलालाची अनामत त्याहून लहान रकमेत जप्त होते.

कायद्याचा आणखी एक उपयोग निघाला, तो कायदा करणाऱ्यांच्या मनात नसावा. २०२० मध्ये बॉम्बोराने झूमइन्फोवर कॅलिफोर्नियात दावा लावला. आम्ही वाचकांची संमती घेऊन, खर्च करून माहिती गोळा करतो, हे प्रतिस्पर्धी खासगीपणाचा कायदा न पाळता ती मिळवतात आणि आमच्या धंद्यावर अन्याय्य कुरघोडी करतात, असे तिचे म्हणणे होते. ते आरोप, शाबीत झालेले निष्कर्ष नव्हेत. पण खासगीपणाचे शस्त्र एका दलालाने दुसऱ्यावर उपसावे, यात मला विनोदापेक्षा शहाणपण जास्त दिसते. सामान्य माणसाला आपल्यावर अन्याय झाल्याचे कळतच नाही. प्रतिस्पर्ध्याला ते पक्के कळते.

सामान्य माणसासाठी कॅलिफोर्नियाने जी युक्ती काढली ती मला सर्वांत धडधाकट वाटते. तिथल्या कायद्यात आधी धंद्याच्या कामातल्या माहितीला सूट होती. १ जानेवारी २०२३ पासून ती संपली आणि कचेरीतला माणूसही 'माणूस' ठरला. त्याच वर्षी 'डिलीट अ‍ॅक्ट' झाला. दलालांनी सरकारकडे नाव नोंदवायचे. नागरिकाने सरकारी जागी एकदाच अर्ज करायचा, की माझी माहिती पुसा. नोंदलेल्या प्रत्येक दलालाने १ ऑगस्ट २०२६ पासून दर ४५ दिवसांत ते अर्ज पाहून माहिती पुसायची. न पुसल्यास प्रत्येक अर्जामागे दिवसाला २०० डॉलर. माझी माहिती कोणाकडे आहे हे मला माहीत नसले तरी चालते, हे या युक्तीचे मर्म आहे. उलट युरोपचा सूर जरा नरमला आहे. उद्योगांवरचा बोजा कमी करायचा म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने जे दुरुस्त्यांचे गाठोडे मांडले, त्यात 'व्यक्तीची माहिती' या शब्दांची व्याख्याच सैल करण्याचा प्रस्ताव होता.

आणि आपण? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. दलालांना आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने दिले गेले. माहिती अधिकाराच्या कायद्याला कात्री लावणारे याच कायद्यातले कलम मात्र नियमांबरोबर त्याच महिन्यात लागू झाले. तिथे तयारीला एक दिवसही लागला नाही. सरकारला कोणाचा खासगीपणा आधी आठवतो, हे यावरून दिसते.

तरीही कायदा अगदीच पोकळ नाही. युरोपातला 'वाजवी हितसंबंधां'चा तराजू आपल्या कायद्यात नाही. कायद्यात मोजून दिलेली कारणे सोडली तर संमती हवीच. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्याचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल, म्हणजे मराठीतही. कास्परचे इंग्रजी पत्र इथे चालणार नाही. कमाल दंड २५० कोटींचा आहे.

गोम आहे ती पुढे. माणसाने स्वतः जगजाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. कास्परसारख्यांना याहून मोठी मोकळीक कोणती? आणि माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणाला दिली, हे विचारण्याचा हक्क कलम ११ देते. पण तो विचारायचा कोणाला, तर ज्याला मी पूर्वी संमती दिली आहे त्याला. ज्याला मी कधी संमती दिलीच नाही, ज्याचे नावही ऐकले नाही, त्याला काय विचारणार? इराद्याचा व्यापारी नेमका तोच असतो. युरोपच्या कलम १४ सारखे, दुसरीकडून माहिती मिळवणाऱ्याने आपण होऊन येऊन सांगावे, असे स्वतंत्र बंधन आपल्या कायद्यात नाही. संमतीविना माहिती ठेवली हा कायद्याचा भंग आहे खरा. पण चोरी झाल्याचे घरमालकाला कळलेच नाही, तर तो फिर्याद घेऊन नव्या मंडळाकडे जाणार तरी कसा?

पुण्याच्या त्या मुलाच्या कामाला तर हा कायदा बहुतांशी शिवतही नाही. परदेशी कंपनीशी करार करून परदेशातल्याच माणसांच्या माहितीवर भारतात काम करणाऱ्यांना कलम १७ ने बरीचशी सूट दिली आहे. बाहेरचे काम टिकावे म्हणून ती दिली, हे समजण्यासारखे आहे. त्या पगारावर लातूर-जळगावकडची कितीतरी घरे चालतात. पण त्या टेबलावर जर्मन माणसाच्या माहितीभोवती कराराने आलेले युरोपचे कुंपण असते, आणि त्या मुलाच्या वडिलांनी गृहकर्जाचे व्याज किती म्हणून एकदा मोबाइलवर पाहिले, तर दुसऱ्या दिवशीपासून येणारे फोन कोणाच्या यादीतून येतात हे घरात कोणाला सांगता येत नाही.

त्याची नोकरी राहील ना, असे त्याच्या आईने मला मध्यंतरी विचारले. मी त्यालाच विचारले. तो म्हणाला, काम आहे, पण रीत बदलली. युरोपच्या एका गिऱ्हाइकाने नवा मजकूर पाठवला आहे. आधी आपली ओळख, मग लगेच तुमचा क्रमांक आम्हाला अमुक ठिकाणाहून मिळाला आणि नको असेल तर आत्ता सांगा, हे वाक्य. त्यानंतर ते चार प्रश्न. पूर्वी हे विचारल्याशिवाय सांगायचे नव्हते. "आणि मग?" मी म्हणालो. "मग काय काका, बरेच जण तिथेच सांगतात, काढून टाका म्हणून. महिन्याचं टार्गेट कमी करून मागितलंय आम्ही."